एवढं कापायची गरज होती का?

संपादक साहेब, नमस्कार.

"साधी जखम होती, डॉक्टरांनी अर्धा पाय सोलून काढला" ही तक्रार सर्जरी वॉर्डात नातेवाइकांकडून सारखी ऐकते म्हणून लिहितेय. हा आजार म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिस, आतला भाग मारत जाणारं इन्फेक्शन. ते कातडीखाली, स्नायूवरच्या पडद्याच्या कडेने पसरत जातं, वरून नुसती लाली आणि सूज दिसते पण पेशंट दुखण्याने तळमळत असतो, हा मेळ न बसणं हीच मोठी खूण (डायबेटिसने नसा बधिर असतील तर दुखणंही कमी, म्हणजे अजूनच फसायला होतं). आतल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद पडलेल्या, मग कितीही भारी अँटिबायोटिक द्या, मेलेल्या भागापर्यंत ते पोचणार कसं? औषध लागतंच, पण एकटं पुरत नाही.

शंका आली की छोटा छेद घेऊन बोट घालून बघतात, निरोगी पडदा घट्ट चिकटलेला असतो, इथे तो बोटाने सहज सुटतो, रक्त येत नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ पाणी निघतं. मग ताजं रक्त दिसेल तिथपर्यंत मेलेला भाग काढावाच लागतो, आणि पेशंट ढासळत असेल तर स्कॅनसाठी ताटकळत बसायचं नसतं. २४ तासांच्या आसपास परत थिएटरमध्ये नेतात तेव्हा पहिलं ऑपरेशन फसलं असं नाही, ते ठरलेलंच असतं. जखम उघडी ठेवतात, स्किन ग्राफ्ट (दुसरीकडची कातडी लावणं) नंतर.

फक्त हे सगळं ऑपरेशनच्या संमतीची सही घेतानाच सांगा ना डॉक्टर, घाईतली दोन मिनिटं.

- एक वॉर्ड सिस्टर