अडीच बोटांचे आभार

प्रिय चाचा,
सप्रेम सलाम.

आमच्या पोरांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवलंत म्हणून शाळेनं २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तुमचा सत्कार ठेवला होता. शाल आणली, नारळ आणला, सरपंचांना बोलावलं, आणि ऐन वेळी तुम्ही सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून गायब! वर निरोप पाठवलात, "म्याडम, शाल घालून पंक्चर काढता येत नाही. त्यापेक्षा ब्रेकच्या गट्टूंचा एक डबा पाठवा." डबा पोचला असेल. बोलायचं मात्र राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे, पण दुकानावर बसणारी पोरं मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवतीलच.

आधी माझी चूक सांगते. पायी चालताना रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, समोरून येणारं वाहन दिसतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले. सायकलला हा नियम नाही, सायकल डाव्या कडेनंच चालवायची, हे वेगळं सांगावं असं कधी डोक्यातच आलं नाही. मग त्या नोव्हेंबरात आमची आठवीतली एक मुलगी उजव्या कडेनं शाळेला येत होती. वळणावर समोरून मोटारसायकल आली. पोरीनं सायकल चारीत घातली म्हणून मनगटावर निभावलं. उजवीकडून का आलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं वाकडं झालेलं चाक हातात घेऊन तुम्हीच शाळेत आलात. "चाक काढतो सरळ. पण पोरींना सायकल कुणी शिकवली का?" शिकवली होती ना, भावानं, बापानं. म्हणजे मागून कॅरिअर धरून पळाले आणि एक दिवस सोडून दिलं. पडायचं नाही एवढंच शिक्षण. रस्त्याचं शिक्षण कुणाच्याच वाट्याला नव्हतं. शाळेच्या वाट्याला जानेवारीतला रस्ता सुरक्षा सप्ताह होता, म्हणजे घोषवाक्यं आणि चित्रकला स्पर्धा. त्या चित्रांतले सिग्नल फार सुरेख असतात. आमच्या गावात सिग्नलच नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळच्या शाळेत तुम्ही मैदानावर फक्कीनं रस्ता आखलात. दोन पोरांना समोरासमोर पळायला लावलंत, मग एकाच दिशेनं, एक हळू आणि एक त्याच्या मागून जोरात. "कुठं जास्त वेळ मिळाला?" बस, एवढाच प्रश्न. मी गणिताची बाई, मला राहवेना. फळ्यावर मांडलं: सायकल ताशी १५ किलोमीटर, मोटारसायकल ६०. समोरून आली तर दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळपास २१ मीटरनं तुटतं, मागून आली तर साडेबारा मीटरनं. आमच्या पोरांना मीटर कळत नाही, कबड्डी कळते. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब. मागून येणारा एका सेकंदात एक मैदान खातो, समोरचा दीडच्याही वर. चालणारा माणूस निदान बाजूला उडी मारू शकतो, सायकलवाला कुठं मारणार?

बोटांचा खेळ पोरांना सगळ्यात आवडला. पोरगी फक्कीच्या रेघेवर सायकल चालवतेय, तुम्ही मागून चालताय, आणि हाक मारली की तिनं उजव्या खांद्यावरून मागं बघून तुमची किती बोटं वर आहेत ते सांगायचं. रेघ सुटली की बाद. पहिल्या दिवशी तिसांतल्या चौघीच रेघेवर राहिल्या. मान वळली की हँडल वळतं, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. एकीनं मागं बघितलं आणि ओरडली, "अडीच!" सगळं मैदान हसलं. तुम्हीही हसलात आणि अर्धं बोट तसंच वर धरून सांगितलंत की ते लहानपणी फिरत्या चेनमध्ये गेलं. त्यानंतर एकाही मुलीची ओढणी मोकळी सुटलेली मी पाहिली नाही. कमरेला गाठ मारल्याशिवाय कुणी टांग टाकत नाही. माझ्या दहा सूचनांनी हे झालं नसतं.

आणि तो बांबू! गाळप हंगामात रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, टेपवर गाणी, घंटी कुणाला ऐकू येणार? तुम्ही एका पोराला ट्रॅक्टर केलं, दुसऱ्याच्या खांद्यावर बांबूचं मागचं टोक दिलं, आणि कोपऱ्यावर वळायला लावलं. पुढचा कोपऱ्याला वळसा घालून गेला, मागचा कोपरा कापून थेट आत, जिथं मी उभी होते तिथंच. ट्रॉली आपल्याला टाळून जाईल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ट्रॅक्टर वळतोय दिसलं की थांबायचं, त्याच्या आतल्या अंगाला घुसायचं नाही, हे आता पहिलीच्या पोरांनाही पाठ आहे. तीही बांबू घेऊन खेळतात.

एका गोष्टीवर आपलं जमलं नाही. हेल्मेटचं मी पुष्कळ बोलले, तुम्ही "आधी ब्रेक लागू दे" म्हणून उडवून लावलंत. अजूनही मला ते पटत नाही. पण ब्रेकच्या बाबतीत तुमचंच खरं निघालं. आम्ही सायकली तपासल्या तर कित्येकींचा पुढचा ब्रेक नुसता नावाला होता. उजव्या हाताचा पुढचा, डाव्या हाताचा मागचा, दोन्ही मिळून दाबायचे, पावसात रिम ओली असताना थोडं आधीच दाबायला लागायचं, हे तुम्ही प्रत्येकीच्या हातावर हात ठेवून शिकवलंत. गट्टू स्वतःच्या खिशातून बदललेत आणि वहीत शाळेच्या नावापुढं काहीच लिहिलं नाहीत. मी पाहिलीय ती वही.

तर आभार, चाचा. मनगट जुळलेली ती पोरगी आता दहावीत आहे आणि शनिवारी लहानांच्या मागं बोटं वर करून चालते. तिची पाचही शाबूत असल्यामुळं पोरांना जरा कमी मजा येते.

आणखी एक. सरकारच्या मानव विकास योजनेच्या पैशांतून यंदा आठवीच्या मुलींनी सायकली घेतल्यात. नवी सायकल सगळ्यात धोक्याची, हे तुमचंच वाक्य, म्हणून परवा मी स्वतः नट हलवून पाहिले. दोघींची हँडलं सैल आहेत, एकीची ब्रेकची तार नुसती लोंबतेय. सीटवरचं प्लास्टिक काढायला कुणी तयार नाही. येत्या शनिवारी साडेसातला या, पाना घेऊन. शाल आणणार नाही.

तुमची,
शाळेतली गणिताची बाई