घटस्फोटाच्या करारात पुस्तकांचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेच्या चार लग्नांवरचा लेख वाचला. कोण कुणामुळे गेली, कुठे भांडण झालं, हे सगळं त्यात आलं. कुणाच्या हाती काय पडलं, ते मात्र आलं नाही. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मी वकिली करते, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

पहिली पत्नी हॅडली रिचर्ड्सन, तिच्याशी त्याचं लग्न 1921 साली झालं. पॅरिसमध्ये तो लिहायला बसायचा तेव्हा घर बरंचसं तिला वारशाने मिळालेल्या पैशावर चालायचं. 1926 साली ‘द सन ऑल्सो राइझेस’ आली, हेमिंग्वेचं नाव झालं, आणि त्याच वर्षी संसार मोडला. वेगळं होताना त्याने या कादंबरीची सगळी रॉयल्टी हॅडलीला देऊन टाकली. याला त्याचा दिलदारपणा म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्या घरात कादंबरी लिहिली गेली ते घर जिने चालवलं, तिचा तो वाटाच होता.

आणि हा वाटा पोटगीपेक्षा फार वेगळा. हॅडलीने 1933 साली दुसरं लग्न केलं, तरी रॉयल्टी तिचीच राहिली. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली ठरलेली पोटगी बाईने पुन्हा लग्न केलं की नवऱ्याच्या अर्जावर कमी किंवा रद्द होऊ शकते. रीतसर नावावर करून दिलेली मालमत्ता अशी परत मागता येत नाही. पुस्तक ही किती टिकणारी मालमत्ता आहे तेही बघा: या कादंबरीचा अमेरिकेतला कॉपीराइट 1 जानेवारी 2022 रोजी संपला.

दुसरी पत्नी पॉलिन. फ्लोरिडातल्या की वेस्टचं प्रसिद्ध घर 1931 साली 8,000 डॉलरना घेतलं ते तिच्या काकांच्या पैशाने. 1940 च्या घटस्फोटानंतर ती तिथेच राहिली. तिसरी, मार्था गेलहॉर्न, स्वतः कमावती पत्रकार होती. चौथी मेरी. मृत्युपत्राने सगळं तिच्याकडे गेलं, त्यात हॅडलीबरोबरच्या पॅरिसच्या दिवसांवरचं, 1964 साली निघालेलं पुस्तकही आलं. हॅडलीला घटस्फोटाच्या वेळी जे देऊन झालं होतं ते फक्त एका कादंबरीपुरतं होतं.

पाच लग्नं केलेल्या सॉल बेलो या अमेरिकन कादंबरीकाराचं प्रकरण तर आम्हा वकिलांनी नीट अभ्यासावं असं आहे. तिसऱ्या पत्नीशी 1968 साली घटस्फोट झाला. पुढे ती शिकागोच्या कोर्टात गेली. तडजोड करताना त्याने आपलं येऊ घातलेलं उत्पन्न कमी सांगितलं, असा तिचा दावा होता. 1976 साली त्याला नोबेल मिळालं आणि 1977 साली पोटगीवरून झालेल्या कोर्टाच्या अवमानाबद्दल दहा दिवसांची कैद सुनावली गेली. ती त्याला भोगावी लागली नाही, पण खटला वर्षानुवर्षं चालला.

आता आपल्याकडचं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि निम्मा वाटा बायकोचा असतो. महाराष्ट्रात तसं नाही. इथे पोटगी ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न बघतात, पण संसारात त्याच्या नावावर जमलेल्या मालमत्तेत बायकोला आपोआप हिस्सा मिळत नाही. जे काही मिळवायचं ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये, लिहून घ्यावं लागतं.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या नवऱ्याची शालेय गाइडं जोरात खपायची. मसुद्यात फ्लॅट होता, गाडी होती, एफडी होत्या, चांदीचं ताट-वाटीसुद्धा होती. गाइडांबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, प्रुफं मीच तपासायची, पण ती पुस्तकं त्यांचीच ना?’’ प्रुफांच्या गठ्ठ्यातले काही कागद त्यांनी जपून ठेवले होते. समासातल्या लाल शाईतल्या दुरुस्त्या सगळ्या त्यांच्या हातच्या.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. नवरा लेखक असेल तर प्रकाशकांशी झालेले करार आणि रॉयल्टीची विवरणं त्याला जोडायला लावा, असं मी माझ्या वकील सहकाऱ्यांना कळकळीने सांगते. आणि कॉपीराइट पत्नीच्या नावे होणार असेल तर तेवढंच लिहून थांबू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा पुस्तकाचं नाव, ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ आणि ‘सर्व देशांसाठी’ हे शब्द, खाली सही, आणि एक प्रत प्रकाशकाकडे पोच घेऊन. त्या बाईंच्या करारात आम्ही हे सगळं घातलं.

आपली वाचक,
एक वकील, पुणे