काका-काकूंना घेऊन फन स्पॉटला जाताना

ऑरलँडो

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचला. जूनमध्ये काका-काकू येतायत आणि सहा जणांच्या डिस्नीचा हिशोब मांडून तू हबकलास, ते साहजिकच आहे. माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट, पार्किंग वेगळं, आणि त्या सहांतले दोघं दिवसभर बाकावर बसून पर्सा सांभाळणार. डिस्नी करायचंच असेल तर करा, पण एक दिवस फन स्पॉट या राइड्सच्या पार्कसाठी काढून ठेव. तुमच्या घराला हीच जागा शोभते. कारण अगदी साधं आहे: आत जायला पैसे पडत नाहीत. जो राइडवर बसेल त्याचेच पैसे. काका-काकूंनी नुसतं फिरून नातवंडांना, ईशा-चिनूला, हात हलवला तर त्यांचा खर्च शून्य.

फन स्पॉट १९९७ पासून आहे, इंटरनॅशनल ड्राइव्हला लागूनच. सुरुवातीपासून त्याची ओळख गो-कार्टची, म्हणजे ट्रॅकवर स्वतः चालवायच्या छोट्या उघड्या गाड्यांची. २०१३ मध्ये जागा वाढवून दोन मोठे रोलर कोस्टर आणले, व्हाइट लाइटनिंग आणि फ्रीडम फ्लायर. जीपीएसवर पत्ता नीट बघून टाक, कारण याच नावाचं दुसरं पार्क शेजारच्या किसिमी शहरात यूएस-१९२ रस्त्यावर आहे. तिथे माइन ब्लोअर नावाचा लाकडी कोस्टर माणसाला उलटं फिरवून आणतो आणि ३०० फुटांचा स्कायकोस्टर, म्हणजे दोराला बांधून उंचावरून सोडणारा झोका, आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना ऑरलँडोचंच बरं.

आता पैशांचं. दिवसभराचा बँड, म्हणजे हव्या तितक्या वेळा राइड्सवर बसू देणारा मनगटाचा पट्टा, सरसकट सहा जणांना घेऊ नकोस. आधी वेबसाइटवर बँडची किंमत आणि एका कार्टच्या फेरीची किंमत बघ, आणि पहिलीला दुसरीने भाग. जो आकडा येईल तेवढ्या फेऱ्या जो माणूस नक्की मारणार आहे, त्यालाच बँड. ईशा आणि तू डोळे झाकून घ्या. वहिनींना विचार. चिनूचा निर्णय उंचीवर. काका-काकूंना सुटी तिकिटं: आकाशपाळणा आणि मेरी-गो-राउंड, बास. आकाशपाळण्यात काकू नक्की बसतील, जत्रेतल्यापेक्षा तो पुष्कळ संथ आहे. स्कायकोस्टर इथेही आहे, पण तो बँडमध्ये धरलेला नसतो. ईशाला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तिथे जाऊन हट्ट नको.

उंचीचं मात्र मनावर घे. प्रत्येक राइडच्या तोंडाशी पट्टी असते आणि तिथली माणसं अर्धा इंचही सोडत नाहीत, सोडूही नये. मोठ्या राइड्सना ४८ इंच ही अट वारंवार दिसते, म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर. कार्टला दोन वेगळ्या अटी असतात. स्वतः चालवायला जास्त उंची लागते, मोठ्या माणसाशेजारी बसायला कमी. चिनू बहुधा दुसऱ्यात बसेल. तुझ्या शेजारी दोन सीटच्या कार्टमध्ये बसायचंय हे त्याला घरीच सांग. रांगेत अर्धा तास उभं राहून मग कळलं तर रडारड होते.

कार्टचे ट्रॅक बहुमजली आहेत. क्वाड हेलिक्स, कॉन्क्वेस्ट असे वेगवेगळे, गोल गोल चढत वर जायचं आणि मग घसरत खाली यायचं. चालवायला सोपं वाटतं, पण दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे दोन पायांनी दोन्ही पेडल दाबणं. उजवं गॅसचं, म्हणजे वेग वाढवायचं, डावं ब्रेकचं. अशा भाड्याच्या पेट्रोल कार्टमध्ये गिअर नसतात, सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. इंजिनाचे फेरे वाढले की क्लचचे शू, म्हणजे आतले घासून धरणारे तुकडे, बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या ड्रमला घट्ट धरतात आणि चाकं फिरतात. ब्रेकवर पाय ठेवून गॅस दिला की शू नुसते घासत राहतात, क्लच तापतो, जळका वास येतो आणि चढावर कार्ट मेल्यासारखी होते. मग लोक म्हणतात, कार्ट खराब होती.

दुसरी चूक वळणात ब्रेक मारण्याची. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर, म्हणजे आडव्या दांड्यावर असतात, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं मोटारीसारखं डिफरन्शियल नसतं. वळताना आतलं चाक कमी अंतर कापतं, पण फिरावं लागतं बाहेरच्याइतकंच, म्हणून ते थोडं घसरतंच. त्यात ब्रेकही सहसा त्या मागच्या एक्सललाच लागतो. वळणाच्या मध्यात ब्रेक दाबला की मागचा भाग निसटतो आणि कार्ट आडवी होते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. मग पाय उचलून वळण घे आणि बाहेर पडताना गॅस दे. चढाच्या गोल भागात मात्र गॅस सोडूच नकोस, एकदा वेग गेला की वरपर्यंत परत येत नाही. चिनू शेजारी असेल तर वजनामुळे कार्ट चढावर सावकाश जाईल आणि ईशा एकटी पुढे निघून जाईल. जाऊ दे.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो: ओढणी, स्कार्फ, मोकळे लांब केस, साडीचा पदर यांतलं काहीही कार्टमध्ये नको. मागे फिरता एक्सल आणि चेन बसणाऱ्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर असते, आणि कापड एकदा गुंडाळलं गेलं की क्षणात ओढलं जातं. झाकण असलं तरी त्यावर भिस्त ठेवू नये. ईशाच्या केसांची घट्ट वेणी घालून ती कॉलरच्या आत जायला हवी. काकूंना हौस वाटली तरी साडी नेसून कार्टमध्ये बसू देऊ नकोस.

कोस्टरमध्ये आधी फ्रीडम फ्लायर. रूळ डोक्यावर आणि पाय लोंबते, पण झोके गुळगुळीत. चपला पडतात, मागून पट्टा असलेलं काहीतरी घाला. मग व्हाइट लाइटनिंग. रूळ लाकडी थरांचा, वर पोलादी पट्टी आणि खालचा सांगाडा पोलादी. उंची सुमारे ७० फूट, म्हणजे अवाढव्य नाही, पण टेकाडं एकामागून एक लागतात आणि प्रत्येक माथ्यावर बूड सीटवरून उचललं जातं. स्टेशनात उभा असताना डब्याच्या खाली वाकून बघ: वजन पेलणारी चाकं रुळावर, कडेला धरणारी चाकं बाजूला, आणि रुळाच्या खालून धरणारी तिसरी जोडी. माथ्यावर गाडी उडत नाही ती या तिसऱ्या जोडीमुळे. चिनूला ती दाखवलीस तर त्याची अर्धी भीती जाईल.

पहिल्या फेरीला पुढे बस, दुसरीला शेवटच्या रांगेत. पुढचा डबा माथा ओलांडून लोंबकळतो आणि बाकीच्या गाडीची वाट बघतो. मागचा डबा माथ्याशी येतो तेव्हा पुढचे सगळे उतरणीला लागलेले असतात, म्हणून तो ओढला जातो. पोटात गोळा येतो तो मागेच. पाठ सीटला टेकवून बसा, मान ढिली सोडू नका. काकांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, तेव्हा त्यांनी कोस्टर आणि कार्ट दोन्ही टाळावं, कितीही आग्रह झाला तरी.

जूनमध्ये इथे दुपारी वीज-पाऊस जवळजवळ ठरलेला. जवळ वीज दिसली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात, आणि साधारणपणे शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी जातो. पाऊस थांबल्यावर कोस्टरची रिकामी गाडी एक-दोनदा फिरवून बघतात आणि माणसं घेतात. कार्ट त्यानंतर सुरू होतात, कारण ट्रॅक वाळल्याशिवाय टायरना पकड नसते. म्हणून पाऊस उघडला की कोस्टरच्या रांगेत जा, बरीचशी गर्दी तोवर घरी गेलेली असते. कार्ट सूर्यास्तानंतर, साडेआठच्या पुढे. दिवे लागतात, उकाडा कमी होतो, वरच्या मजल्यावर वारा असतो. उशिरापर्यंत उघडं असतं, पण त्या दिवसाची वेळ आदल्या रात्री वेबसाइटवर बघून घे. आणि बँड घेण्याआधी पावसाबद्दलचा नियम वाच, राइड्स बंद पडल्या म्हणून पैसे परत मिळतील असं धरून चालू नकोस.

जेवण सगळं फिरून झाल्यावर. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेव, गरगरलं की उपयोगी पडतात. फोन चेन असलेल्या खिशात.

चिनूची उंची बुटांसकट मोजून इंचांत कळव. कोणत्या राइडला बसेल आणि कोणत्या नाही त्याची यादी करून पाठवतो, म्हणजे त्याचा बँड घ्यायचा का ते ठरेल. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय