बेदाणा बॉक्सवरचे सोनेरी फॉइल सुटत असल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
उत्पादन व गुणवत्ता विभाग

प्रेषक : खरेदी व पॅकेजिंग विभाग,
बेदाणा व हळद पॅकिंग युनिट, सांगली

विषय : मंजूर नमुन्याप्रमाणे नसलेला छापील माल परत घेऊन नव्याने करून देण्याबाबत
संदर्भ : १) अर्धा किलो बेदाणा गिफ्ट बॉक्स, ५,००० नग २) हळद पावडर २०० ग्रॅम कार्टन, १०,००० नग

महोदय,

वरील दोन्ही माल आमच्या गोदामात उतरला आहे. बॉक्सचा संपूर्ण लॉट आम्ही नाकारत आहोत. कार्टनबद्दल पुढे लिहिले आहे. आपल्या प्रतिनिधींनी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या : सांगलीची हवा दमट आहे, फॉइल म्हटले की थोडे उडणारच, आणि पुढच्या वेळी जाड फॉइल लावू. तिन्ही आम्हाला मान्य नाहीत. हे पत्र विक्री विभागाकडे न ठेवता जो माणूस स्टॅम्पिंग मशीनवर उभा राहतो त्याला वाचायला द्यावे, ही विनंती.

ठरले होते ते असे. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) बोर्ड, त्यावर चार रंगांची छपाई, वर मॅट बीओपीपी (पातळ प्लास्टिक फिल्म) लॅमिनेशन आणि लॅमिनेशनवर सोनेरी हॉट फॉइल (तापलेल्या ठशाने दाबून बसवलेला सोनेरी थर). फॉइलमध्ये दर्शनी बाजूचा रुंद पट्टा आणि त्याखाली ९ पॉइंटात पत्त्याच्या दोन ओळी. आलेल्या ५,००० पैकी वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून २०० बॉक्स काढून तपासले. २.५ एक्यूएलला (चालू शकणाऱ्या दोषांच्या प्रमाणित मर्यादेला) या लॉटमध्ये १० दोषी नग चालतात, ११ झाले की लॉट बाद. इथे ७१ बॉक्सवरचे फॉइल साध्या पारदर्शक चिकटपट्टीने निघाले. ४८ बॉक्सवर ‘सांगली’चा अनुस्वार उतरलेलाच नाही, म्हणजे पत्ता ‘सागली’ असा वाचावा लागतो. ज्यांवर अनुस्वार आहे, त्यांतल्या बऱ्याच बॉक्सवर ‘गुळाचा’, ‘हळद’ यांतल्या ‘ळ’चे पोट फॉइलने भरून गेले आहे.

आधी हवेचे बघू. दमटपणाने बिघडले असते तर बोर्ड वाकला असता आणि लॅमिनेशन कडेला उचलले असते. तसे कुठेही नाही. आपल्याच श्रिंकमध्ये (प्लास्टिकच्या घट्ट वेष्टनात) बंद असलेल्या गठ्ठ्यांच्या मधले बॉक्स काढले, तेही तसेच निघाले. शिवाय चिकटपट्टीची मागची बाजू पाहिली की दोष कुठल्या थरात आहे ते कळते. फॉइलबरोबर फिल्मही निघून आली तर दोष लॅमिनेशनचा, खालच्या न वाळलेल्या शाईचा किंवा स्प्रे पावडरचा (छापलेल्या शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून फवारलेल्या भुकटीचा) असतो. आमच्याकडच्या चिकटपट्ट्यांवर फक्त सोनेरी थर आहे आणि बॉक्सवर मॅट फिल्म जशीच्या तशी स्वच्छ शिल्लक आहे. म्हणजे फॉइलचा चिकट थर फिल्मला धरलाच नाही.

याची दोन कारणे संभवतात आणि बहुधा दोन्ही एकत्र आली असावीत. पहिले, आर्ट पेपरसाठीचे फॉइल बीओपीपीवर चालवले. प्लास्टिक पृष्ठभागासाठी फॉइलचा ग्रेडच वेगळा असतो, कारण त्याचा चिकट थर वेगळा असतो. दुसरे, मॅट फिल्मच्या बाहेरच्या बाजूला कोरोना ट्रीटमेंट (थर धरावा म्हणून फिल्मवर केलेली विजेची प्रक्रिया) नव्हती किंवा रोल जुना होऊन ती उतरली होती. पृष्ठभाग किती धरतो हे डाइनमध्ये मोजतात, ती पातळी निदान ३८ डाइन हवी. डाइन पेनची (ठरावीक पातळीच्या तपासणी-शाईच्या पेनची) एक रेघ ओढली की समजते : रेघ अखंड राहिली तर ठीक, थेंब थेंब होऊन आखडली तर त्या फिल्मवर फॉइल चालवू नये. ही तपासणी काही सेकंदांची आहे, आणि ती झाली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

आता अनुस्वार आणि ‘ळ’. एकाच लॉटमध्ये एक उडालेला आणि दुसरा भरलेला, यावरून मशीनवर काय चालले होते ते दिसते. रुंद पट्टा आणि बारीक अक्षरे एकाच ब्लॉकवर (धातूच्या ठशावर) घेतली आहेत. भरीव पट्ट्याला उष्णता आणि दाब जास्त लागतो, बारीक अक्षरांना कमी. पट्टा नीट बसावा म्हणून तापमान चढवले की अक्षरांच्या आतल्या जागा भरतात. अक्षरे वाचवायला ते उतरवले की पट्ट्यावर टाचणीएवढी भोके राहतात आणि अनुस्वारासारखे ठिपके येत नाहीत. ऑपरेटर दिवसभर या दोन टोकांमध्ये बटण फिरवत राहिला असणार, त्यात त्याची चूक नाही. बीओपीपीवर तापमानाला वावही कमी असतो. फार चढवले तर फिल्म आखडते, १६० अंशांच्या आसपास ती वितळतेच. उपाय एकच : पट्ट्याचा ब्लॉक वेगळा, अक्षरांचा वेगळा आणि दोन वेळा स्टॅम्पिंग. मंजूर नमुन्यात याच फाइलमधून हीच अक्षरे स्वच्छ उतरली आहेत, तेव्हा अक्षरे बारीक होती हे कारण सांगू नये. ब्लॉकच्या खर्चाचेही सांगू नये. मॅग्नेशियमच्या ब्लॉकवर ५,००० नग सहज निघतात, पितळेची गरज नाही.

जाड फॉइलबद्दल इतकेच की फॉइलमध्ये जाड असते ती वाहक पॉलिस्टर फिल्म, साधारण १२ मायक्रॉनची, आणि ती स्टॅम्पिंगनंतर फेकूनच दिली जाते. बॉक्सवर राहतो तो पिवळा लॅकर (पारदर्शक रंगीत लेप) आणि त्याखालचा अ‍ॅल्युमिनियमचा थर. हा थर एका मायक्रॉनचे काही शतांश एवढाच असतो. ग्राहकाला जाडीचे आश्वासन देण्यापूर्वी विक्री विभागाने निदान एवढे विचारून घ्यावे.

पट्टा जागेवरून सरकल्यामुळे आणखी एक नुकसान झाले. आर्टवर्कमध्ये फॉइल घडीपासून ३ मिलिमीटर आत थांबते आणि पेस्टिंगच्या पट्टीवर अजिबात जात नाही. आलेल्या मालात काही बॉक्सवर एका बाजूला ते घडीवर चढून तडकले आहे. काहींवर दुसऱ्या बाजूला पेस्टिंग पट्टीवर गेल्याने तिथे गोंद धरत नाही. हॉट स्टॅम्पिंगमध्ये अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होते, ते आम्ही धरूनच आर्टवर्क केले होते.

आपण सुचवले आहे की फॉइलचा त्रासच नको, हेच काम सोनेरी शाईत करू, दर कमी लावू. हा पर्याय आम्ही स्पष्टपणे नाकारत आहोत. सोनेरी शाईत तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूची पूड असते. तासगाव-सांगली भागातल्या पिवळ्या बेदाण्याला बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेली असते. गंधक आणि ओलावा दोन्ही मिळाले की तांबे काळवंडते, मग वर वार्निश असो वा नसो. वार्निशने ते लांबते, टळत नाही. दिवाळीसाठी भरून ठेवलेला बॉक्स दुकानात जाईपर्यंत तपकिरी दिसला तर तो कोणी भेट म्हणून देणार नाही. सोनेरी फॉइलमध्ये तांबे नसतेच, त्यातला सोनेरीपणा लॅकरचा असतो आणि चकाकी अ‍ॅल्युमिनियमची, त्याला गंधकाने असे डाग पडत नाहीत. लग्नपत्रिकेला किंवा लेबलच्या बारीक किनारीला सोनेरी शाई उत्तम. बेदाण्याच्या बॉक्सला ती चालत नाही.

कार्टनची तक्रार लहान आहे, पण विक्री अडवणारी आहे. मेटपेट बोर्डवर (चंदेरी, चकचकीत फिल्म चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर) हळकुंडांच्या चित्राखाली आणि बारकोडखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायचा होता. चित्राखाली तो एकदाच दिला आहे, त्यामुळे हळदीचा पिवळा पितळी दिसतो. ते आम्ही दर कमी करून घेऊन स्वीकारू. बारकोडखाली मात्र पांढरा दिलेलाच नाही. मेटपेट आरशासारखे प्रकाश दुसरीकडे फेकते, स्कॅनरला पांढऱ्या जागीही काळे दिसते आणि बिलिंगला कोड वाचला जात नाही. एमआरपी व निव्वळ वजन चंदेरीवर राखाडी छापले आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे हे आकडे पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात हवेत. या दोन्हींवर झाकणारे पांढरे स्टिकर आपल्या खर्चाने छापून लावून द्यावेत. बारकोड पूर्ण आकारात, दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून ३७.२९ मिलिमीटर रुंद असावा.

बॉक्सबाबत आमची मागणी :

पूर्ण लॉट आपल्या वाहतूक खर्चाने न्यावा आणि नव्याने करून द्यावा. फॉइलचा ग्रेड बीओपीपीसाठीचा असावा, त्याचा रोल क्रमांक चलनावर लिहावा. ब्लॉक दोन असावेत. पूर्ण छपाईआधी त्याच बोर्डवर, त्याच फिल्मवर, त्याच मशीनवर काढलेल्या १० शीट पाठवाव्यात. पीडीएफ किंवा इंकजेट प्रूफ चालणार नाही, त्यात फॉइल नुसता मातकट पिवळा दिसतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. शीट आल्यावर स्टॅम्पिंगनंतर २४ तास जाऊ देऊन आम्ही चिकटपट्टी लावू, घडी घालून पाहू आणि कळवू. त्याआधी मशीन चालवू नये.

नमुना दाखवून ठरलेल्या व्यवहारात माल नमुन्याच्या दर्जाचा असावा लागतो, हे मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ मध्ये आहे. आपल्या सहीचा नमुना आमच्याकडे आहे. बॉक्सच्या बिलाची रक्कम तोपर्यंत रोखून ठेवली आहे, कार्टनची रक्कम स्टिकर लागल्यावर दिली जाईल.

सोबत चिकटपट्टीसह सहा बॉक्स आणि दोन कार्टन पाठवत आहोत. उरलेला माल आपल्या माणसाला पाहण्यासाठी गोदामात तसाच ठेवला आहे. येताना डाइन पेन आणि वापरलेल्या फॉइलच्या रोलचे लेबल घेऊन यावे.

कळावे,

आपले विश्वासू,
खरेदी व पॅकेजिंग विभाग, सांगली