ती तेच कागद पुन्हा का वाचते

पुणे

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

धाकटी शनिवारी एसटीने निघते आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेला आता तीन महिने उरलेत आणि ते तिने सांगोल्यात, घरी बसून काढायचं ठरवलंय. मला ते पटलंय. अभ्यासक्रम एकदा नीट वाचून झालाय, क्लास संपलाय. आता शांत जागा, वेळेवर जेवण आणि उजळणी एवढंच लागतं. यातली उजळणी बघताना तुम्हाला काळजी वाटेल, म्हणून हे पत्र. नवं पुस्तक उघडताना ती क्वचितच दिसेल. तीच फाइल, तेच कागद. मध्येच ते पालथे घालून भिंतीकडे बघत बसेल, मग कोऱ्या कागदावर भराभर काहीतरी लिहील आणि तो कागद टाकून देईल. "दोन वर्षं झाली, अजून तेच धडे?" असं तोंडावर येईल. तेवढं तिला विचारू नका. का ते सांगते.

पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर सामान्य अध्ययनाचा. १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात आणि त्यातच वाचायचं, ठरवायचं, गोल काळा करायचा. "अमुक कधी झालं" असे सरळ प्रश्न थोडे. बहुतेक ठिकाणी तीन-चार विधानं देऊन त्यांतली बरोबर कोणती ते विचारतात आणि चुकीचं विधान खऱ्यापेक्षा एखाद्या शब्दानेच वेगळं असतं. बाबा, तुम्ही ग्रामपंचायतीत होतात, तेव्हा तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ विषय. ७४व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात १८ विषय. पहिली दुरुस्ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला, दुसरी १ जून १९९३ ला. आता पेपरात विधान येतं: "७३व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली, तीत २९ विषय आहेत." एकदाच वाचलेल्या मुलाला ७३ ओळखीचं वाटतं, २९ ओळखीचं वाटतं, आणि तो 'बरोबर' करून मोकळा होतो. ज्याने हे कधी वाचलंच नाही तो प्रश्न सोडून देतो आणि त्याचं नुकसान होत नाही. अर्धवट आठवणाऱ्याचं मात्र होतं, कारण एका चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात, म्हणजे अर्धा गुण. चार चुकले की एका बरोबर उत्तराची कमाई गेली.

विसरणं हा तिचा दोष नाही, आळसही नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सगळ्यात वेगाने निसटतं, पुढे तो वेग कमी होतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, दुसरी आठवड्याने, तिसरी महिन्याने. बाबा, डाळिंबाला पाटाने एकदाच भरपूर पाणी सोडलं तर किती मुळाशी राहतं आणि किती वाहून जातं, हे मी तुम्हाला काय सांगणार? ठिबकवर तेच पाणी पुरतं. वीस पानांचा धडा पहिल्यांदा वाचायला दोन तास घेतो, वेळेवर उजळणी झाली तर दुसऱ्या खेपेला अर्धा तास आणि तिसऱ्या खेपेला दहा-बारा मिनिटं. पण मध्ये दोन महिने गेले तर पुन्हा दोन तासच लागतात. मुलं नेमकी इथेच फसतात: पुढचा धडा संपवायच्या घाईत मागचा सोडतात, आणि परीक्षेच्या तोंडावर सगळंच पहिल्यासारखं कोरं वाटायला लागतं.

आता ते भिंतीकडे बघणं. पुस्तक उघडं ठेवून तीच पानं पाचव्यांदा वाचली की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा मनाचा समज होतो. पेपरात पुस्तक समोर नसतं. म्हणून आधी पान पालथं घालायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं, मग पान उलटून जे राहिलं किंवा चुकलं तेवढंच लाल पेनाने लिहायचं. पुढच्या वेळी फक्त लाल भाग बघायचा. त्या कागदाचं काम तिथे संपतं, म्हणून ती तो टाकते. भूगोलाला कोरा नकाशा. त्यावर कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे मांडायच्या: वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, तेरेखोल. हा क्रम नुसता वाचून राहत नाही, हाताने चार वेळा काढला की राहतो. रंगीत पेनाने अर्ध्याहून जास्त ओळी रंगवलेलं पुस्तक दिसलं तर समजा की काय महत्त्वाचं ते अजून ठरलेलं नाही.

आई, इथे तुझी खरी मदत होईल. संध्याकाळी पंधरा मिनिटं तिला एक विषय तुला समजावून सांगायला लाव. कागद हातात न घेता, साध्या बोलण्यात. आपली माण नदी भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला. मग माणचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं, कोकणातल्या नद्यांचं अरबी समुद्रात, असं का? तुला कळलं नाही तर सरळ "कळलं नाही" म्हण. जिथे ती अडखळेल तिथेच तिचं कच्चं आहे, आणि ते तिचं तिला लगेच कळेल. पंचायत राज आलं की बाबांनी समोर बसावं. बलवंतराय मेहता समिती १९५७ ची, वसंतराव नाईक समितीचा अहवाल १९६१ चा, जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमही १९६१ चाच, पण तो अमलात आला १ मे १९६२ ला. अहवाल, कायदा आणि अंमल यांची ही वर्षं अदलाबदल होऊन पर्यायांत येतात.

तिच्या फाइलला सुटे ए-फोर कागद आहेत, शिवलेली वही नाही. तेही मुद्दाम. एका मुद्द्याला एक कागद, मागची बाजू कोरी. नवीन काही सापडलं, आकडा बदलला, की त्याच कागदावर भर घालायची. शिवलेल्या वहीत एकाच विषयाच्या तीन नोंदी तीन ठिकाणी पडतात आणि शेवटच्या आठवड्यात सापडत नाहीत. आवरताना ते कागद एकत्र करू नका, क्रम तिने लावलेला असतो.

दर रविवारी ती पूर्ण सराव पेपर सोडवेल. पेपर दोन तासांचा, पण तो तपासायला तीन तास लागतात. जेवायला हाक मारलीत आणि ती म्हणाली "पेपर झाला, पण अजून काम आहे," तर ते खरं आहे. चुकांची तिची वेगळी वही आहे. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की प्रश्न वाचण्यात चूक झाली. पहिल्या प्रकाराला वाचन लागतं, दुसऱ्याला उजळणी. तिसरा सगळ्यात त्रासदायक. "अयोग्य विधान ओळखा" मधला 'अ' निसटतो, किंवा "केवळ", "सर्व", "कधीही" हे शब्द नजरेतून सुटतात. त्याला एकच उपाय, प्रश्न वाचतानाच त्या शब्दाखाली रेघ. मी मुलांचे सराव पेपर तपासते, त्यात या तिसऱ्या प्रकारच्या चुका बघून जीव हळहळतो, कारण अभ्यास झालेला असतो. "किती पडले?" असं रविवारी विचारू नका. सराव पेपर कधी मुद्दाम अवघड काढलेला असतो, कधी एकाच विषयावर भर असतो. त्या आकड्याची कट ऑफशी तुलना करून उपयोग नाही. विचारायचंच तर "या वेळी वाचण्यातल्या चुका किती?" असं विचारा.

किती प्रश्न सोडवायचे याचाही हिशोब असतो. अंदाजाने बारा गोल काळे केले, तर चार पर्यायांमुळे सरासरी तीन बरोबर येतील: सहा गुण मिळाले, नऊ चुकांचे साडेचार गेले, हाती दीड. त्यासाठी तेवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण चारातले दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर अशा दहा प्रश्नांत सरासरी पाच बरोबर, दहा गुण, त्यातून अडीच वजा, हाती साडेसात. म्हणजे पर्याय बाद करता येतील इतकं नक्की माहीत हवं, आणि ते नक्कीपण उजळणीतूनच येतं.

दुसरा पेपर, ज्याला मुलं सीसॅट म्हणतात, फक्त पात्रतेचा आहे. ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. त्याचे गुण गुणवत्तेत धरत नाहीत, म्हणून मुलं त्याला हात लावत नाहीत. मग पहिला पेपर उत्तम जाऊनही दुसऱ्यात ६० पडतात आणि सगळंच जातं. एकही चूक नसेल तर २७ बरोबर पुरतात, पण २० चुकले तर ३२ बरोबर लागतात. रोज दोन उतारे आणि दहा गणितं, एवढं तरी तिने सोडू नये. दुपारच्या वेळी ती गणितं करत बसली तर तेही मुद्दाम आहे, कारण हा पेपर त्याच दिवशी जेवणानंतर असतो. जेवण हलकं दे, आई. डोळे मिटायला लागले की उतारा तीनदा वाचावा लागतो.

पहाटे अर्धा तास ती लिहिताना दिसेल. ती मुख्य परीक्षेची तयारी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजीचे दोन पात्रतेचे, बाकी सात मिळून १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. ही केंद्राच्या म्हणजे यूपीएससीच्या परीक्षेची धर्ती. तिथे सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात वीस प्रश्न असतात, दहा १५० शब्दांचे आणि दहा २५० शब्दांचे. मिळून चार हजार शब्द, तीन तासांत, हाताने. मोबाइलवर टाइप करण्याची सवय झालेला हात दीड तासात दुखायला लागतो आणि शेवटचे चार-पाच प्रश्न कोरे राहतात. म्हणून रोज दोन उत्तरं, घड्याळ लावून, छोट्याला सात मिनिटं आणि मोठ्याला दहा. "चर्चा करा" आणि "चिकित्सक परीक्षण करा" यांत फरक असतो. दुसऱ्यात दोन्ही बाजू तोलून शेवटी आपलं मत द्यावं लागतं. विषयाबद्दल माहीत आहे ते सगळं ओतलं तर पानं भरतात, गुण मिळत नाहीत. पूर्वपरीक्षेच्या शेवटच्या दोन महिन्यांत मात्र हे लिहिणंही बंद होईल.

चालू घडामोडींना पाऊण तास पुरे. एक मराठी वृत्तपत्र, आणि त्यातलं कागदावर जे घ्यायचं ते विषयाखाली, तारखेखाली नाही. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आधी येते. तिचे ठळक मुद्दे आणि शेती, सिंचन, शिक्षण यांवरचे आकडे एवढंच. मोबाइलवर रोज येणाऱ्या पीडीएफ तिने उघडू नयेत, असं मी तिला स्पष्ट सांगितलंय. त्या साठवून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि दिवस जातो.

शेवटच्या साठ दिवसांत नवं पुस्तक नाही. पहिली फेरी तीस दिवसांची, दुसरी पंधरा, तिसरी सात. सहा दिवस पूर्ण पेपरांसाठी, दोन्ही पेपर एकाच दिवशी, परीक्षेच्याच वेळेला. उरलेले दोन दिवस फक्त याद्या, वर्षं आणि चुकांची वही. या काळात कुणी सुचवलं की "अमक्याचं नवीन पुस्तक फार छान आहे," तर ते घरात येऊ देऊ नका. अर्धं वाचलेलं नवं पुस्तक आधीच्यातलंही डळमळीत करतं. झोप सात तास. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेलं सकाळी आठवत नाही, आणि पेपर सकाळचा आहे. त्या दोन महिन्यांत लग्नकार्य असेल तर ती नाही आली असं सांगून टाका, पाहुणे रागावले तर माझं नाव घ्या.

बाबा, परीक्षेचं केंद्र बहुधा सोलापूरला येईल. आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, आणि संध्याकाळी केंद्राची इमारत एकदा बघून या. प्रवेशपत्राची प्रत, मूळ ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत, तीन काळे बॉलपेन, काट्यांचं साधं घड्याळ. मोबाइल तुमच्याकडे. फाटकाशी बरंच आधी पोहोचा, दार बंद झालं की कुणाला आत घेत नाहीत. उत्तरपत्रिकेत एक प्रश्न सोडला की पुढचे गोल एक ओळ वर सरकतात आणि शेवटी कळतं. म्हणून दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक जुळवून बघायचा, हे तिला आत जाताना एकदा आठवण करून द्या. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत पहिल्या पेपराची उत्तरं कुणाशी ताडून बघू देऊ नका. तिला सावलीत बसवा, दही-भात द्या, पाणी द्या.

तिच्याबरोबर कोऱ्या ए-फोर कागदांचं पाचशेचं एक रीम, महाराष्ट्राचे पंचवीस कोरे नकाशे आणि टेबलावरचा दिवा पाठवते आहे. शेतीच्या लाइटच्या वेळा बदलतात तसा घरातला दाबही कमी-जास्त होतो. हा दिवा बॅटरीवर चार तास चालतो, चार्जिंगला रात्री लावा. टेबल माजघरातल्या खिडकीपाशी ठेवा, पाठ दाराकडे करून नको, येणाऱ्याजाणाऱ्याची चाहूल लागली की ती सारखी वळून बघते.

तुमची थोरली