बाटलीवर संत्रा मोठा, आकडा बारीक

मा. संपादक,

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात आमचा महिला बचत गट संत्र्याचा रस काढून बाटल्यांत भरतो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फळाची, तोडणी सुरू झाली की काम जोरात असते, उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मृगाच्या फळावर पुन्हा थोडे होते. व्यापारी बागेतून मोठे फळ उचलतो आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, मागे राहते. तिला बाजारात भाव नसतो, पण रसाला ती चांगली चालते. या कामातला एक प्रश्न आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

22 सप्टेंबर 2025 पासून फळांच्या रसावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. संत्रापट्ट्यात त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण हाच 5 टक्के दर रस घातलेल्या गोड पेयांनाही लागू झाला. फक्त गॅसवाली पेये त्यातून वगळली. त्यामुळे निव्वळ रस आणि नावापुरता रस एकाच रांगेत आले. आमच्यासारख्या 40 लाखांखालच्या उलाढालीच्या घटकाला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, पण रिकाम्या बाटलीवरचा 18 टक्के कर आम्ही भरतो आणि नोंदणी नसल्याने तो परत मिळत नाही. म्हणजे कर कमी झाला तो मोठ्यांचा, आमचा खर्च होता तिथेच राहिला. तरीही माझी मुख्य तक्रार कराची नाही, लेबलची आहे.

नियमाप्रमाणे 'फ्रूट ड्रिंक' म्हणवणाऱ्या पेयात फळाचा रस किमान 10 टक्के असला की पुरे, लिंबाच्या पेयात तर 5 टक्केच. 200 मिलीच्या बाटलीत 10 टक्के म्हणजे 20 मिली, औषधाच्या चमच्याने मोजले तर चार चमचे. बाकी पाणी, साखर, आम्लता नियंत्रक 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, वास आणि रंग. बाटलीच्या पुढच्या बाजूला मात्र कापलेला रसरशीत संत्रा आणि त्यावरून ओघळणारा थेंब. फळाचे चित्र छापले की त्या फळाचे प्रमाण छापावे लागते, हेही नियमात आहे. ते छापतातही, पण मागच्या बाजूला, घटकांच्या यादीत, मोहरीएवढ्या अक्षरात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची आजी दुकानातून अशीच एक बाटली घेऊन आली. "लेकराले ताप हाये, डॉक्टर म्हणे संत्र्याचा रस पाजा. हा संत्र्याचाच आहे न बाप्पा?" मी चष्मा लावून यादी वाचली. पहिले पाणी, दुसरी साखर, त्यानंतर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी काढून घट्ट केलेला रस. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिले नाव पाण्याचे असले की काय समजायचे ते मी तिला समजावून सांगितले. आजीने चित्र पाहून पैसे मोजले होते. तिच्या अंगणात संत्र्याची झाडे आहेत, हे सांगताना मला वाईट वाटते.

लेबलची भाषा हाही एक भाग आहे. केंद्राच्या नियमात मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की चालतो, मराठी ऐच्छिक आहे. त्यामुळे बहुतेक बाटल्यांवर इंग्रजीच असते. आजीसारख्या माणसाला तो आकडा दिसला तरी शेजारच्या शब्दाचा अर्थ कळत नाही.

आमच्या बाटलीतही साखर असते, ते आम्ही लपवत नाही. नागपुरी संत्रा खायला गोड, पण त्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. बियांमधले आणि सालीखालच्या पांढऱ्या जाळीतले लिमोनिन नावाचे द्रव्य त्याला कारण. बी चिरडली गेली की तो सगळा घाणा वाया. म्हणून आम्ही फळ हाताने सोलतो, जाळी काढतो, फोडी पल्परमध्ये, म्हणजे गर-रस काढायच्या यंत्रात, टाकताना बी फुटणार नाही अशी फट ठेवतो, मग रस गरम करून गरमच बाटलीत भरतो. एक लिटर रसाला दोन-अडीच किलो फळ लागते. इतकी मेहनत करून निघालेली बाटली दुकानात चार चमच्यांवाल्या बाटलीशेजारी उभी राहते, आणि गिऱ्हाईक विचारते, "हा पण ज्यूसच, तो पण ज्यूसच, मग तुमचा महाग का?" आम्ही रसाचे प्रमाण पुढच्या बाजूला, मराठीत, ठळक छापतो. पण शेजारच्या बाटलीवर तो आकडा दिसतच नसेल, तर गिऱ्हाईकाने आमचा आकडा ताडून पाहायचा कशाशी?

नियामकांना हे कळत नाही असे मी म्हणणार नाही. जून 2024 मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला लावला, कारण त्यातली बरीच पेये कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून बनलेली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये फळांच्या पेयांच्या नावातला 'ओआरएस' (जुलाबात पाजायचे साखर-मिठाचे पाणी) हा शब्दही काढायला सांगितला. हगवण लागलेल्या मुलांना लोक ही गोड पेये औषध म्हणून पाजत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला, तेव्हा ते झाले. नावातला शब्द काढता येतो, तर मागचा आकडा पुढे आणणे अवघड का असावे?

माझे मागणे असे. ज्या बाटलीवर फळाचे चित्र आहे, तिच्यावर त्या चित्राशेजारीच, निदान ब्रँडच्या नावाच्या निम्म्या आकारात, 'फळांचा रस 10 टक्के' असे छापलेले असावे, आणि महाराष्ट्रात विकायच्या मालावर ते मराठीतही असावे. रस कॉन्सन्ट्रेटपासून बनवला असेल तर तेही तिथेच लिहावे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, मीठ, चरबीची सूचना छापण्याचा विषय 2022 च्या मसुद्यापासून चर्चेत आहे. त्याच नियमात फळांच्या पेयांसाठी हे एक कलम घालता येईल. कुणाचा धंदा बंद पडावा असे आम्हाला वाटत नाही. 10 टक्क्यांचे पेय ज्याला प्यायचे आहे त्याने ते खुशाल प्यावे, फक्त ते 10 टक्के आहे हे त्याला कळलेले असावे.

नियम दिल्लीत होतात, पण वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचे आमदार नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तसा ठराव मांडून केंद्राला पाठवायला लावू शकतात. तोवर अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजाराच्या गावांत येऊन दुकानदारांना आणि आशा ताईंना लेबल कसे वाचायचे ते शिकवावे. आमच्या गटाची जागा त्यासाठी उपलब्ध आहे. सतरंजी आणि चहा आमच्याकडून.

– एक संत्रा उत्पादक महिला, ता. वरुड, जि. अमरावती
(नाव छापू नये ही विनंती)