पहिले भारतीय संत वसईचे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅथलिक चर्चने संतपद दिलेले ‘पहिले भारतीय संत’ म्हणून केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांचे नाव वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते. अल्फोन्सांना संतपद मिळाले १२ ऑक्टोबर २००८ रोजी. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत, यात वादच नाही. पण त्याआधी १४६ वर्षे, ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस यांनी वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना संत घोषित केले होते. आम्हा वसईकरांना हे तोंडपाठ आहे. भाईंदरची खाडी ओलांडली, की कुणाच्या गावी नसते.

गोन्सालो १५५७च्या सुमारास जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई किल्ल्यात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे शिकले, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि जपानी अस्खलित बोलू लागले. फादरांना त्यांच्या जिभेचा मोठा आधार होता, पण संघात घ्यायची वेळ आली तेव्हा दार उघडले नाही. गोन्सालोंनी मग व्यापार केला, जम बसवला आणि तो बसलेला जम मोडून मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात साधे ब्रदर (धर्मबंधू) म्हणून दाखल झाले. (किल्ल्यातले जे चर्च आज लोक त्यांच्या नावाने ओळखतात, ते मुळात जेझुइटांचे!)

१५९३मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला गेले, तेव्हा दुभाषे होते गोन्सालो. जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचे फर्मान १५८७मध्येच काढले होते. अशा माणसापुढे उभे राहून दुसऱ्याचे बोलणे त्याच्या गळी उतरवायचे, म्हणजे जिवावरचेच काम. तरी क्योटोत जागा मिळाली. मठ झाला, चर्च झाले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयही उभे राहिले.

१५९६मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरचा माल जप्त झाला आणि पाद्र्यांच्या मागून फौजा येणार, हा संशय बळावला. फ्रान्सिस्कनांची धरपकड झाली. क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून गाड्यांतून धिंड काढली, मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. हातापायांना लोखंडी कड्या, अंगाला दोर आणि दोन्ही बाजूंनी भाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि बाकीचे साधे प्रापंचिक ख्रिस्ती. सर्वांत लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा होता. नागासाकीत १९६२मध्ये या सव्वीस जणांचे स्मारक झाले, त्यात आमचे गोन्सालोही आहेत.

वडील पोर्तुगीज, मग ते भारतीय कसे, असे काही जण विचारतात. वसईत जन्मलेल्या, वसईच्या आईच्या पोटच्या पोराला वसईकर नाही म्हणायचे, तर मग कोणाला म्हणायचे?

वसई किल्ल्यात शाळांच्या सहली येतात. मुलांना चिमाजी अप्पा आणि १७३९चा विजय सांगतात, तो सांगायलाच हवा. त्याच फेरीत जेझुइटांच्या चर्चपाशी पाच मिनिटे थांबून गोन्सालोंबद्दलही सांगावे, एवढी शिक्षकांना विनंती. आणि आपल्या वृत्तपत्रात यापुढे पहिल्या भारतीय संताचा उल्लेख येईल, तेव्हा साल १८६२ असावे.

आपला,
एक वाचक, वसई